पाणी दिसेल असं घर

परीक्षांचे दिवस आले की आमच्या सोनईत भर दुपारीही पाठांतराचे आवाज ऐकू येतात. खिडक्या उघड्या असतात, पंखा गरम हवाच फिरवत असतो आणि शेजारच्या घरातून कुणीतरी एकच वाक्य दहा दहा वेळा म्हणत असतं. परवा माझी नात भूगोलाचं पुस्तक घेऊन आली. किनारी प्रदेशातल्या ग्रामीण वस्त्यांच्या रचनेवर कोणकोणत्या घटकांचा परिणाम होतो, असा पाच गुणांचा प्रश्न होता. तिला पाच मुद्दे हवे होते. भूरचना, पाणी, हवामान, जमीन, व्यवसाय. मी सांगितले, तिनं लिहून घेतले आणि गुणगुणत निघून गेली.

मुद्द्यांत चूक काही नव्हती. तीस-बत्तीस वर्षं मी मुलांना तेच शिकवत आले. पण ती गेल्यावर मला जागचं उठवेना. दुष्काळातला तो त्र्याहत्तरचा उन्हाळा डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा समुद्र पाहिला, आणि त्याच उन्हाळ्यात चार लोकांसमोर वडिलांच्या विरुद्ध बोलले. या दोन गोष्टी मला आजही एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

माझं माहेर गोदावरीच्या काठी होतं. प्रवरा जिथं गोदावरीला मिळते तिथून थोडं खाली. आता त्या जागेवर पैठणच्या धरणाचं पाणी आहे. देशावरची गावं असतात तसंच ते गाव. लांबून पाहिलं तर घरं वेगळी दिसायचीच नाहीत, एक पांढरट उंचवटा दिसायचा. पिढ्यान्‌पिढ्या घरं पडली, त्याच मातीवर नवी उभी राहिली, आणि गाव आपल्याच मातीवर चढत चढत उंच झालं. त्या जागेला पांढरी म्हणायचे, भोवतालच्या शेतांना काळी. पांढरीत राहायचं, काळीत राबायचं. घरं अशी एकमेकांना टेकलेली की लहानपणी मी धाब्यांच्या सपाट मातीच्या छपरांवर पाय टाकत या टोकाहून त्या टोकाला जायची, खाली उतरावं लागायचं नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, सांगायचे की पूर्वी दरोड्याची भीती होती, पिण्याचं पाणीही एकाच ठिकाणी होतं, म्हणून माणसं अशी दाटीनं बसली. भीती गेली, पण सवय राहिली.

फक्त भोयांची चौदा घरं गावाला टेकलेली नव्हती. ती अगदी दरडीच्या कडेला होती, दारं नदीकडे करून. नदीला पूर आला की भोई नावेतून माणसं पार करायचे, एरवी मासे धरायचे, उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूत टरबुजं लावायचे. ते तिथंच का राहतात, हा प्रश्न गावात कुणाला कधी पडला नव्हता. नदीला काठ असतो, तसे काठाला भोई असतात.

त्या वर्षी मात्र नदीला पाणीच नव्हतं. दोन डोह तेवढे शिल्लक होते आणि त्यांच्याभोवती गुरांच्या खुरांनी तुडवलेला, वाळून भेगाळलेला चिखल. गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. संध्याकाळी परत यायची तेव्हा त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. शाळेत पोरांना सुकडी, ती गोडसर पिठाची भुकटी, वाटली जायची. मी तेव्हा एकवीस वर्षांची, ट्रेनिंग करून आमच्याच गावच्या शाळेत नुकती लागलेली. आणि अशा दिवसांत, परीक्षा संपल्या त्याच आठवड्यात, पुनर्वसनाचे एक तरुण साहेब गुंडाळलेला नकाशा घेऊन आले आणि म्हणाले की दोन-तीन वर्षांत हे गाव पाण्याखाली जाईल.

धरणाचं बोलणं वर्षानुवर्षं कानावर होतं. पण कोरड्या नदीच्या काठावर उभं राहून ते ऐकताना कुणाला खरं वाटेना. नकाशा मोठा, म्हणून तो शाळेच्या फळ्यावर लावला होता. त्यामुळेच आम्हा दोघी बायांना तिथं थांबता आलं. दुसऱ्या म्हणजे नार्वेकरबाई. त्या कोकणातल्या, दापोलीकडच्या किनाऱ्यावरच्या. यजमान साखर कारखान्यात कारकून, म्हणून इकडं आलेल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि भूगोल शिकवताना मात्र पुस्तकाकडे न बघणाऱ्या.

साहेबांनी नवं गावठाण दाखवलं. दोन-अडीच मैलांवरच्या माळावर सरळ रस्ते, आखलेले चौकोन, प्रत्येक चौकोनाला नंबर. माणसं अवाक होऊन पाहत होती. दोन घरांमध्ये एवढी मोकळी जागा कशाला, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा साहेबांनी पुन्हा नकाशावरच बोट ठेवलं. भोयांचे चौदा चौकोन माळाच्या पार पलीकडल्या अंगाला होते, दगडाच्या खाणीजवळ.

सखाराम भोई दाराशी उभे होते. मी त्यांना मामा म्हणायची. पन्नाशीचा माणूस, काळाशार, खांदे अजून रुंद. त्यांनी एवढंच विचारलं, "सायेब, पानी कुठवर येनार?"

साहेबांनी निळ्या पेन्सिलीची रेघ दाखवली. मामा पुढे आले, रेघ जिथून जिथून जात होती तिथून तिथून त्यांनी बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ती रेघ त्यांना समजली. मग ते म्हणाले की आमच्या चौदा घरांना रेघेच्या जरा वर, टेकाडाच्या उतारावर जागा द्या, माळावर नको.

आण्णा गावच्या पंचांत होते. त्यांनी नकार दिला. ते काही वाईट माणूस नव्हते. ज्या गावात भिंतीला भिंत लावून पिढ्या राहिल्या, ते गाव माळावर नेताना त्यातलं एकही घर मागे राहू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आज हे वेगळे बसले तर उद्या आणखी कुणी बसेल, असं त्यांचं म्हणणं. शिवाय उताराची ती पट्टी गावाच्या गुरांना चरायला लागणार होती. बोलणं वाढायला लागलं, तेव्हा साहेबांनी नकाशा गुंडाळला आणि मे महिना संपताना पुन्हा येतो म्हणाले.

सुट्टी लागली आणि नार्वेकरबाई माहेरी निघाल्या. मला म्हणाल्या, बरोबर चल. घरी आईनं आढेवेढे घेतले, पण आण्णांनी जाऊ दिलं.

प्रवास दोन दिवसांचा. नगर, पुणे, मग घाट. घाट उतरताना हवा ओली झाली आणि माझ्या तळहातांच्या भेगा मऊ झाल्या, ते मला अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आंब्याच्या झाडांमधून एका वळणावर आली आणि बाईंनी माझ्या कोपराला नुसता हात लावला. समुद्र खाली दिसेल अशी माझी समजूत होती. पाणी खालीच असतं ना! पण तो खाली नव्हता. तो समोर होता, झाडांच्या शेंड्यांच्या वर, आभाळाला लावलेल्या निळ्या भिंतीसारखा. ही भिंत आत्ता आपल्यावर येईल असं वाटलं, आणि त्याच वेळी दुसरं वाटलं, की एवढं पाणी जगात होतं आणि आमच्याकडं माणसं हंडाभर पाण्यासाठी दोन कोस चालत होती. गाडीतली बाकीची माणसं शेंगा खात होती. त्यांच्यातल्या कुणीही मान वळवून बाहेर पाहिलं नाही.

त्या गावाला टोक नव्हतं. मी गाव शोधत होते. उंचवटा, दाटीची घरं, मधे पार, असं काहीतरी. बाई हसल्या, म्हणाल्या, तू मघापासून गावातूनच चालते आहेस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळ-सुपारीच्या बागा होत्या आणि प्रत्येक बागेत आत कुठंतरी एक घर. जांभ्या दगडाचं बुटकं कुंपण, एक विहीर, तिच्यावर कुरकुरणारा रहाट. एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घराला ऐकू जाईल, पण दिसणार नाही, अशा अंतरावर घरं. एकामागे एक, मैल-दीड मैल लांब, समुद्राला समांतर. दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं ते गाव किनाऱ्यावर घातलेलं होतं.

पहिल्या रात्री मला झोप लागली नाही, कारण लाटांचा आवाज थांबायचीच मी वाट पाहत होते.

नंतरचे आठ दिवस बाई मला रोज सकाळी चालवत नेत. एक वही दिली होती. म्हणायच्या, दिसेल ते घर काढ आणि ते तिथंच का आहे ते तिथल्या माणसालाच विचार. मी पाण्यापासून सुरुवात केली. आधी ओली वाळू, मग कोरडी वाळू, मग केवड्याची जाळी. इथं कुणी राहत नव्हतं. त्यामागे वाळूचाच उंचवटा आणि त्याच्या आडोशाला बागा. हाताच्या अंतरावर खारं पाणी असताना या बागांतल्या विहिरींना गोडं पाणी होतं. मी स्वतः पिऊन पाहिलं तरी मला विश्वास बसेना. पाऊस वाळूत मुरतो आणि खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतो, असं बाईंनी सांगितलं. ती गोड्या पाण्याची पट्टी जेवढी रुंद तेवढ्याच बागा आणि तेवढीच घरं. पट्टी संपली की भातखाचरं, तिथं परत एकही घर नाही, कारण जी जमीन भात देते तिच्यावर चूल कोण मांडेल? खाचरांच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला, जिथं झरा होता तिथं, भात पिकवणाऱ्यांची वाडी. आणि अगदी वर, डोंगरमाथ्याच्या सपाट सड्यावर, गवळ्यांची चार-पाच घरं, गुरांच्या गवतापाशी.

मी पान उलटून उलटून पाहत राहिले. कुणी आखलं नव्हतं, नंबर घातले नव्हते. पाणी, वाळू आणि पोट या तिघांनी मिळून ते गाव बसवलं होतं, आणि ते असं चोख बसलं होतं की एक घर उचलून दुसरीकडे ठेवावं म्हटलं तर मला जागा सापडेना.

कोळ्यांची घरं मात्र या ओळीत नव्हती. ती गावाच्या दक्षिणेला, खाडी समुद्राला मिळते तिथं, एकमेकांना खेटून, थेट आमच्या पांढरीसारखी. होड्यांना खाडीच्या तोंडाशीच आडोसा मिळतो, म्हणून माणसंही तिथंच. तिथं पारूमावशी भेटली. साठीच्या पुढची कोळीण, सुकट पसरत बसलेली. बाईंना ती लहानपणापासून ओळखत होती. मी वही घेऊन बसले तशी तिला मजा वाटली.

मी तिला विचारलं की भरतीचं पाणी दारात येत असेल, मग तुम्ही वर का राहत नाही. तिनं हात पुसले, डोंगराकडे बोट केलं आणि सांगितलं की राहिलो होतो. तिच्या सासूच्या काळात एकदा वादळात समुद्र घरांत शिरला होता. तेव्हा गावच्या खोतानं दया येऊन सगळ्या कोळ्यांना डोंगरावर जागा दिली. चांगली जागा होती, विहीरसुद्धा होती. सगळा कोळीवाडा वर गेला. पण पुरुषांना पहाटे अंधारात खाली उतरून आधी समुद्र बघायला लागायचा, मग ठरायचं आज जायचं की नाही. मासळी वर नेईपर्यंत नासायची. एका संध्याकाळी वारा फिरला, होडीचा दोर तुटला, आणि वरून माणसं धावत खाली येईतो खडकांवर होडीची फळी फळी झाली. दोन वर्षांत एकेक करून सगळे खाली आले.

शेवटी ती म्हणाली, "बाय, दर्या दिसला नाय तर आमची सकाळ होत नाय."

दुसऱ्या दिवशी बाई मला डोंगरावर घेऊन गेल्या. करवंदीच्या जाळ्यांमध्ये घरांची जोती होती, नुसती. वर भिंती नाहीत, छप्पर नाही. एका जोत्याच्या मधोमध काजूचं झाड वाढलं होतं. विहिरीत पाणी होतं, स्वच्छ, काठोकाठ, आणि ते प्यायला कुणी नव्हतं. दुष्काळातून आलेल्या मला त्या विहिरीपाशी उभं राहवेना. पाणी आहे, जागा आहे, वारा आहे, आणि तरीही माणसं इथं राहू शकली नाहीत. किनाऱ्याकडे पाहिलं तर झाडीमुळे समुद्र दिसत नव्हता. बाईंनी मला तिथं का आणलं ते मला समजलं. सखाराममामांचं बोट नकाशावरून फिरताना त्यांनीही पाहिलं होतं.

परत आलो तेव्हा गावात आदल्याच दिवशी साहेबांचा निरोप आला होता. समुद्र कसा होता हे घरात कुणी विचारलं नाही. आण्णा सभेच्या गडबडीत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळे जमले, नकाशा फळ्यावर लागला. रस्ते, पार, मारुतीची जागा असं एकेक ठरत गेलं. भोयांचा विषय निघाला तसे आण्णा म्हणाले की त्याचा निर्णय पंचांनी घेतला आहे, गाव एकत्रच जाईल. सखाराममामांनी हात जोडून पुन्हा तेच सांगितलं. कुणीतरी म्हणालं की पाणी काही पळून जात नाही, अडीच मैल चालायला काय झालं.

तेव्हा नार्वेकरबाई उठल्या. त्या सभेत बाईमाणूस बोलायची पद्धत नव्हती. त्या साहेबांकडे पाहून म्हणाल्या, "पाण्यावर पोट असणारी माणसं पाण्यापासून लांब नेली की काय होतं, ते या मुलीनं नुकतंच पाहिलंय. तिला विचारा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आण्णांचीही. मी त्यांच्यासमोर कधी खालच्या आवाजातसुद्धा उलट बोलले नव्हते. माझ्या हातात ती वही होती. मी उठले आणि फळ्याच्या रिकाम्या कडेला खडूनं तो किनारा काढला. वाळू, बागा, खाचरं, डोंगर, खाडीच्या तोंडाशी कोळी. मग डोंगरावरची ती जोती. मी सांगितलं की तिथं विहीर काठोकाठ भरलेली आहे आणि एकही माणूस नाही. पारूमावशीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आणि शेवटी, मला वाटतं मी आण्णांकडे न पाहताच म्हणाले, "शेतकऱ्याला शेत लांब असलं तरी चालतं, शेत जागचं हलत नाही. पाणी हलतं. भोयांना ते घरातून दिसायला हवं."

आण्णा आपल्या तळहातांकडे पाहत होते. साहेबांनी नकाशावर काहीतरी टिपलं आणि सभा संपली. दोन-तीन महिन्यांनी कागद आला. भोयांना उतारावर बांधायला हरकत नव्हती, पण स्वतःच्या जबाबदारीवर. रस्ता आणि विहीर मिळणार नव्हती.

आण्णा माझ्याशी बोलायचे थांबले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. मी ताट वाढलं तर जेवायचे, पण भाकरी हवी असली तर आईला सांगायचे. आई आमच्या दोघांच्या मधे निरोप्यासारखी झाली. नार्वेकरबाईंना मी एकदा म्हटलं की माझं चुकलं असेल का, तर त्या म्हणाल्या की ते पाणी सांगेल. त्या वर्षी पाऊस बरा झाला, बाजरी घरात आली, आणि सुगी संपली तसं गाव हलायला लागलं.

घर पाडताना मोठा आवाज होईल असं मला वाटलं होतं. आवाज होत नाही, धूळ होते. तुळया, खांब, दारं, चौकटी बैलगाड्यांवर चढल्या. माती तेवढी मागे राहिली. आमच्या घराची भिंत पडली तेव्हा तिच्या आत आणखी जुनी भिंत निघाली, आणि तिच्या पायाशी त्याहून जुनी चूल. आण्णा त्या चुलीपाशी बराच वेळ बसून होते. तिथं कोण जेवलं असेल कुणास ठाऊक.

माळावरचं नवं गाव आधी आधी गावासारखं वाटेचना. संध्याकाळी माणसं आपापल्या चौकोनातून उठून मोठ्या रस्त्यावर एकत्र येऊन बसायची, कारण घरं एकमेकांपासून लांब पडली होती. मग कुणी भिंतीला लागून गोठा काढला, कुणी चुलीसाठी छप्पर टाकलं, कुणी कडब्याची गंज रचली. वर्ष-दोन वर्षांत साहेबांनी आखलेली मोकळी जागा हळूहळू नाहीशी झाली आणि घरांनी पुन्हा एकमेकांना खांदा लावला. मी हे पाहत होते आणि मला त्या माणसांचं मोठं नवल वाटत होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि उतारावर भोयांची चौदा घरं एका ओळीत उभी राहिली. ओळ सरळ नव्हती. टेकाड जसं वळत होतं तशी ती वळत होती, आणि सगळी दारं खाली, जिथं पाणी येणार म्हणत होते तिकडे. सखाराममामांनी कोकण पाहिलं नव्हतं, पारूमावशीनं गोदावरी पाहिली नव्हती. तरी मी वहीत काढून आणलेलीच ती रेघ होती. कड्याकपारीत पाखरं जशी घरटी बांधतात, तशी माणसंही काहीतरी आतून जाणतात की काय, असं मला तेव्हा वाटलं, आणि इतकी वर्षं शिकवूनही मला त्याचं नेमकं उत्तर मिळालेलं नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर पाणी आलं, पण थोडंच. भोयांच्या दारापासून मैलभर लांब थांबलं आणि मधे नुसता चिखल. गावात लोक हसायचे, भोई चिखलाच्या काठाला घरं बांधून बसले म्हणायचे. मामांची माणसं रोज तो चिखल तुडवत पाण्यापर्यंत जायची आणि कमरेपर्यंत बरबटून यायची. आण्णा हसले नाहीत. माझ्याशी कामापुरतं एखाददुसरं वाक्य बोलायला लागले होते, तेवढंच.

त्याच्या पुढच्या वर्षी पाणी आलं. ते धावत आलं नाही. आमच्याकडे तेव्हा पाऊसही नव्हता, लख्ख ऊन होतं. पाऊस कुठं लांब, नाशिककडे, डोंगरांत पडत होता. पाणी शेतांवरून चालत आलं, गुरं चरत चरत पुढं सरकतात तसं. सकाळी एक बांध दिसायचा, संध्याकाळी नसायचा. मुंग्या रांगांनी वर यायला लागल्या. बाभळींचे नुसते शेंडे उरले, मग तेही गेले. एका सकाळी उठून पाहिलं तर पलीकडचा काठ नव्हता. कुठंच नव्हता. आभाळ थेट पाण्यात उतरलं होतं.

नवं गाव अडीच मैल चालून ते बघायला आलं. म्हातारीकोतारी आली, लेकुरवाळ्या आल्या. भोयांच्या दारांपुढे उतारावर सगळे पाण्याकडे पाहत बसून राहिले. नार्वेकरबाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. बालपण समुद्राकाठी काढलेली ती बाई, पण तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या की मी समुद्र कायम होता तसाच पाहिला, तो येताना कधी पाहिला नव्हता. सखाराममामांच्या उंबऱ्यापासून पाणी वीस पावलांवर थांबलं होतं.

मामांनी नाव पाण्यात सोडली होती. त्यांनी आण्णांना विचारलं, बसता का. मला वाटलं आण्णा नाही म्हणतील. ते उठले, वहाणा काढून हातात घेतल्या आणि नावेत बसले. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मीही जाऊन बसले.

मामा आधी वेळूच्या काठीनं नाव ढकलत होते, पाणी खोल झालं तसं वल्ह्यानं. पाण्याला लाट नव्हती. आण्णा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघत होते, खुणा शोधत होते, आणि खुणा नव्हत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "सखाराम, आपन हाय कुठं?"

मामांनी मागे पाहिलं. टेकाडावरचा लिंब आणि माळावरचं देवळाचं शिखर एका रेघेत आलं होतं. ते म्हणाले, "तुमच्या इहिरीवर हाओत, आण्णा."

नाव थांबली. आण्णांनी वेळू मागून घेतला आणि पाण्यात सोडला. तो सोडत सोडत ते वाकले, बाही भिजली, खांदा भिजला, आणि वेळू टेकला नाही. त्यांनी तो हळूच वर घेतला, मामांना दिला. ओला हात मांडीवर ठेवून ते त्या पाण्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख असेल असं मला वाटलं होतं. दुःख होतंच, पण त्याहून मोठं काहीतरी होतं. एखादं लहान मूल पहिल्यांदा हत्ती पाहतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असतं तसं.

मग ते माझ्याकडे वळले. दोन वर्षांनी, माझ्याकडे पाहून, माझ्याशी.

"शके," ते म्हणाले, "समिंदर ह्याच्याहून मोठा आसतो का गं?"

मी हो म्हटलं.

"मग सांग की. तवा इचारायचं राह्यलं."

मी सांगायला लागले. आंब्याच्या झाडांमधलं ते वळण, झाडांच्या शेंड्यांच्या वर उभं राहिलेलं पाणी, वाळूतलं गोडं पाणी, सगळं. सखाराममामांनी वल्हं आडवं ठेवलं आणि माझं सांगून होईपर्यंत नाव तिथंच थांबवून धरली.